भाडं

खोली वरची, उतरत्या छपराखालची.
महिन्याला पंधरा फ्रँक, लाकडं वेगळी.
दारावरच्या पाटीवर मीच लिहिलं होतं :
फक्त सभ्य पुरुषांसाठी.
ती ते वाचून आली. वाचूनही आली.

फेदोस्या ल्वोव्ना.
माझी जीभ दोनदा अडखळली त्या नावावर.
केस कानापाशी कापलेले, निळा चष्मा,
बोटांना कसलासा आंबूस वास.
तीन महिन्यांचं आगाऊ तिनं टेबलावर मोजून ठेवलं
आणि मी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

गल्लीला तोंड फुटलं.
पाववाली म्हणाली, व्हेरेना,
तुझ्या माडीवर मुडदे फाडणारी राहते म्हणे.
मी म्हणाले, काल पाव शिळा दिलास.

त्या हिवाळ्यात एकदा शालीवर
मागच्या बाजूनं शाई उडवून आली.
कुणी, ते तिनं सांगितलं नाही.
मी दूध आणि मीठ लावून चोळत बसले.
डाग फिका झाला. गेला नाही.
तीच शाल पांघरून ती दुसऱ्या दिवशी
पहिल्या बाकावर बसली असणार,
कारण पहाटे पाचला जिना वाजला.

झाडताना खाटेखाली पेटी लागली.
उघडायला नको होती, उघडली.
आत एक हाड, रुंद,
बुड नसलेल्या वाडग्यासारखं.
मी किंचाळले नाही. झाडू मात्र सुटला हातातून.
ती दारात उभी. म्हणाली,
"बाईचं आहे. ह्याच वाटेनं आलो आपण सगळे.
शिट्ट्या मारणारेसुद्धा."

आता जे सांगते ते नवऱ्यालाही ठाऊक नाही.
चौथ्या बाळंतपणानंतर माझं अंग बाहेर येत होतं.
अकरा वर्षं.
बादली उचलली की जिन्यात मधेच बसायचं,
आणि चपलेचा बंद बांधत असल्याचं सोंग करायचं.
डॉक्टर होते की चौकात, हिर्त्सेल, भला माणूस,
दर गुरुवारी आमच्याकडे पत्ते खेळायला यायचा.
म्हणूनच.

"दार लावा," ती म्हणाली. "दिवा इकडे घ्या."
मग कितीतरी वेळ
हात गरम पाण्यात धरून बसली.
मला वाटलं, धुतेय.
नंतर कळलं, ऊब आणत होती.
"मी अजून अर्धीच शिकलेय,"
तिनं आधीच सांगून टाकलं,
आणि शेवटच्या वर्षाच्या मैत्रिणीला बोलावून आणलं.
दोघी खालच्या आवाजात त्यांच्या भाषेत भांडल्या,
मापावरून, बहुतेक.
लाकडाची एक कडी, घासून गुळगुळीत केलेली.
बस, एवढंच होतं औषध.
अकरा वर्षांत पहिल्यांदा मी भरली बादली
तिसऱ्या मजल्यापर्यंत नेली, न थांबता,
आणि वर पोचल्यावर
काय करायचं पाण्याचं, तेच आठवेना.

जूनमध्ये वर्तमानपत्रात आलं :
झारचा हुकूम. नव्या वर्षानंतर जी इथं शिकेल
तिला मायदेशी परीक्षा नाही, काम नाही.
कारणही छापलं होतं, तिच्यासारख्या पोरी
इथं रात्री काय करतात वगैरे.
रात्री काय करायची, मला विचारा.
रॉकेलचा खर्च माझ्या वहीत आहे.

ती बर्नला गेली की परत घरी,
मला नक्की कळलं नाही.
पत्र एक आलं, पावसानं पत्ता पुसलेलं.
शेवटच्या महिन्याचं भाडं राहिलं होतं तिच्याकडे,
त्याबदली पेटी ठेवून गेली.
वर चिठ्ठी : पैसे पाठवीन, तोवर सांभाळा.

चादरींच्या कपाटात, लव्हेंडरच्या पुरचुंडीशेजारी,
सांभाळतेय.
परवा रेगुलानं, माझ्या धाकटीनं, ते बाहेर काढलं,
त्यातून हात घातला, डोळा लावून पाहिलं,
आणि विचारलं, हे कुठं शिकवतात?
मी म्हटलं, आधी हात धू.

खोली रिकामी आहे.
पाटी काल पुन्हा लिहिली, नव्या रंगानं :
वरची खोली भाड्यानं, लाकडं वेगळी.
कुणासाठी,
ते लिहायचं राहून गेलं.